धाब्याच्या घराची पावसाळ्यापूर्वीची दुरुस्ती

अहिल्यानगर जिल्ह्याचा (२०२४ पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) बहुतेक भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतो. पश्चिमेकडील अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात पाऊस मुसळधार पडतो व तेथील घरे उतरत्या छपरांची असतात. तेथून पूर्वेस व दक्षिणेस जावे तसतसा पाऊस कमी होत जातो आणि पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांच्या जुन्या गावठाणांतून सपाट मातीच्या छपराचे, म्हणजे धाब्याचे किंवा माळवदी घर दिसू लागते. आज अनेक कुटुंबांनी पत्र्याची किंवा स्लॅबची घरे बांधली आहेत. तरीही जुनी धाबी पुष्कळ उभी आहेत आणि त्यांत माणसे व जनावरे राहत आहेत.

या घराचा गुण सर्वांच्या परिचयाचा आहे. वैशाखाच्या उन्हात पत्र्याखाली बसवत नाही, त्या वेळी धाब्याखाली दुपारची झोप लागते. दोष मात्र पावसाळ्याच्या उत्तरार्धात उघड होतो. जिल्ह्याच्या पूर्व भागात जूनमध्ये चार सरी येतात, मध्ये मोठा खंड पडतो, आणि खरा जोराचा पाऊस पुष्कळदा सप्टेंबरमध्ये, उत्तरा व हस्त नक्षत्रांच्या सुमारास येतो. दोनतीन दिवसांची झड लागली म्हणजे छपराची माती भिजून जड होते, भिंतीचा पाया मऊ पडतो, आणि भिंत पडते ती बहुधा घरातील माणसे झोपेत असताना. अशा दुर्घटनांस लोक अतिवृष्टीचे नाव देतात. परंतु पडलेली भिंत नीट पाहिली असता पाणी कोठून मुरले ती जागा बहुधा सापडते, आणि ती जागा पावसाच्या आधी कित्येक महिने तशीच उघडी असते. म्हणून धाब्याची दुरुस्ती रोहिणी नक्षत्र निघण्यापूर्वी, म्हणजे मेअखेरच्या आत पुरी करावी. मृगाचे ढग दिसू लागल्यावर माती वाहण्यास गाडी मिळत नाही व मजूरही मिळत नाही.

धाब्याची रचना साधी आहे. लाकडी खांबांवर किंवा भिंतींवर तुळया, तुळयांवर आडवे सर, सरांवर किलचांची दाट पसरण, त्यावर तरवड, निंब किंवा तुराट्या यांचा थर, त्यावर चिखलाचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या किंवा खारवट मातीचा थर. पाणी अडविण्याचे काम केवळ या शेवटच्या थराचे असते. खालचे सारे थर भार पेलण्यासाठी व माती गळू नये यासाठी आहेत. वरचा थर निकामी झाला की खालच्या थरांस पाण्यापासून कोणतेही संरक्षण उरत नाही.

या वरच्या थरासाठी कोणती माती घ्यावी, याचे ज्ञान गावातील वृद्धांस चांगले असते. त्याचे कारण मात्र क्वचितच सांगितले जाते. काळी माती कोणी धाब्यावर टाकीत नाही. ती भिजली म्हणजे फुगते, वाळली म्हणजे आकसते व तिला बोटबोट रुंदीच्या भेगा पडतात. पावसाच्या खंडानंतरची पहिली सर या भेगांतून थेट घरात उतरते. मुरमातून पाणी झिरपतेच. उरते ती चोपण माती, जिला शेतकरी आपल्या शेताचा शाप समजतो. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्रात अतिपाण्यामुळे व निचऱ्याच्या अभावी अशा जमिनी पुष्कळ तयार झाल्या आहेत. या मातीच्या चिकण कणांस सोडियम चिकटलेला असतो. पावसाचे गोडे पाणी पडताच हे कण एकमेकांपासून सुटे होतात, मातीतील बारीक छिद्रांत जाऊन बसतात आणि छिद्रे बंद करतात. वरचा इंचभर थर भिजतो; त्याखाली पाणी जातच नाही. शेतात याच गुणामुळे पाणी साचते, मुळांस हवा मिळत नाही व पीक पिवळे पडते. छपरास मात्र नेमके हेच हवे असते.

ही युक्ती केवळ दख्खनची नाही. तुर्कस्तानातील अनातोलियाच्या पठारावर सपाट छपरांसाठी ‘चोरक’ नावाची खारवट नापीक माती वापरण्याची जुनी पद्धत आहे, आणि पाऊस पडून गेल्यावर छपरावर दगडी रूळ फिरवून ती दाबतात. आपल्याकडे रुळाऐवजी धुमस व चोपणी असते, एवढाच फरक.

माती पारखण्याची एक सोपी रीत आहे. काचेच्या पेल्यात पावसाचे साठविलेले किंवा अन्य गोडे पाणी घ्यावे. विहिरीचे जड पाणी चालणार नाही, कारण त्यातील क्षारांमुळे परीक्षा फसते. पाणी स्थिर झाल्यावर त्यात वाटाण्याएवढे कोरडे ढेकूळ अलगद सोडावे व पेला तासभर हलवू नये. ढेकळाभोवती दुधासारखे गढूळ वलय पसरू लागले तर ती माती छपरास योग्य समजावी. ढेकूळ नुसतेच विरघळून ढीग झाला व वरचे पाणी निवळ राहिले, तर ती माती वरच्या थरास उपयोगी नाही. भिंतीच्या गिलाव्यास मात्र ती चालेल. सुधारलेल्या शेतातील माती धाब्यावर नेऊ नये. जिप्सम घातल्यावर सोडियमची जागा कॅल्शियम घेतो, कण एकत्र गोळा होतात व जमीन पाणी पिऊ लागते. शेतकऱ्यास शेतात जे साधायचे असते, तेच छपरावर घडले तर घर गळते. याच कारणास्तव छपराच्या मातीत चुना मिसळू नये. चुन्याने ती घट्ट होईल असा पुष्कळांचा समज आहे. तो चोपण मातीच्या बाबतीत बरोबर नाही.

जेथे चोपण माती जवळ नाही तेथे गावठाणाची पांढरी वापरतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडलेल्या भिंती, राख व केरकचरा यांपासून बनलेली ही माती खारवट असते आणि काळ्या मातीसारखी फुगत नाही. परंतु ती कोठून खणावी याचा विवेक हवा. पांढरीचे जुने टेकाड म्हणजे पूर्वजांची वस्ती. संगमनेर तालुक्यातील जोर्वे, प्रवरेच्या काठचे नेवासे व दायमाबाद ही या जिल्ह्यातील ठिकाणे अशाच टेकाडांच्या उत्खननामुळे देशभर प्रसिद्ध झाली. तीन हजार वर्षांपूर्वीही या खोऱ्यातील शेतकरी मातीच्या भिंतींच्या घरात राहत होता, हे तेथूनच कळले. अशा टेकाडास कुदळ लावू नये. स्वतःच्या पडलेल्या वाड्याची माती मात्र चाळून खुशाल पुन्हा वापरावी.

आधी खालून पाहणी

माती टाकण्याची घाई करू नये. छपरावर चढण्यापूर्वी घरात उभे राहून ते खालून तपासणे अवश्य आहे. प्रत्येक तुळईखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणून धरावी, म्हणजे तुळई मध्ये किती वाकली ते डोळ्यांस दिसते. गतवर्षीपेक्षा वाक वाढला असेल तर त्या खणावर कोणी चढू नये व खालून भक्कम टेकू द्यावा. टेकू मातीच्या जमिनीवर उभा न करता दगडी फरशीवर उभा करावा. अन्यथा जमीन मऊ होताच तो खचतो. तुळईचे भिंतीत गाडलेले टोक सर्वांत आधी कुजते. तेथे सळई टोचून पाहावी. ती सहज आत गेली किंवा लाकडावर ठोकले असता पोकळ आवाज आला, तर कूज किंवा वाळवी लागली असे समजावे. वाळवीच्या मातीच्या नळ्या नुसत्या पुसून टाकल्याने काम भागत नाही. त्या कोणत्या भिंतीतून वर आल्या ते शोधावे. बहुतेक वेळा त्या भिंतीस बाहेरून जळण, कडबा किंवा उकिरडा टेकलेला आढळतो. नवीन तुळई बसविताना भिंतीत जाणाऱ्या टोकास डांबर फासावे आणि टोकाभोवती थोडी हवा खेळती ठेवावी.

किलचांमधून माती झडत असेल, लाकडावर पाण्याचे काळे ओघळ असतील, तर तेथे खडूने खूण करावी. वर काम करताना याच खुणांच्या जागा शोधावयाच्या असतात. गळती जेथे दिसते तेथेच छिद्र असते असे नाही. पाणी सराच्या अंगाने चार-पाच फूट चालत जाऊन टपकते.

मातीचा भार

आता एका घातक सवयीविषयी. दरवर्षी छपर गळते म्हणून दरवर्षी त्यावर नवी माती ओतावयाची, असा परिपाठ पडला आहे. जुनी माती काढण्याचे कष्ट कोणी घेत नाही. पंधरा फूट लांब व दहा फूट रुंद खोली घेतली तर तिच्या छपरावर एक इंच मातीचा थर सुमारे साडेपाच क्विंटल भरतो. फूटभर जाड थराचे ओझे पावणेसात टनांच्या घरात जाते, आणि हा हिशेब कोरड्या मातीचा आहे. चार इंच पाऊस पडला तर त्या एवढ्याशा छपरावर सुमारे चौदाशे लिटर पाणी येते. निचरा तुंबल्यास तेही ओझ्यात जमा होते. काही जुन्या घरांवर मातीची जाडी दोन फुटांपर्यंत गेलेली आढळते. हे छपर आजोबांनी घातलेल्या तुळयांवर उभे असते आणि त्या तुळया त्यावेळच्या भारासाठी निवडलेल्या असतात.

या भाराचा परिणाम महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे पाहिला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरात झालेल्या भूकंपात दगडमातीच्या भिंती फुटल्या आणि त्यांवरची जड माळवदे खाली आली. हजारो माणसे दगावली. त्यांतील बहुतेक आपल्याच घराखाली दबली गेली. भूकंप रोज होत नाही हे खरे. परंतु झडीत भिजलेली भिंत व भूकंपात हललेली भिंत यांना पाडणारे वरचे ओझे एकच असते.

यास्तव माती घालण्याआधी जुनी माती काढावी. एका बाजूची सर्व माती एकदम काढून दुसऱ्या बाजूस ढीग करू नये. सर्व छपरावरून थोडी थोडी काढावी व लगेच खाली टाकावी. एकूण थर सात ते आठ इंचांचा राहिला तरी पुरे. थर कमी झाल्याने गारवा किंचित कमी होईल, ते सोसावे. मधल्या चिखलाच्या थरावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर तीन इंच पारखलेली माती घातल्यास कमी जाडीतही गळती थांबते. कागदाखाली खडा किंवा काटकी राहू देऊ नये, दोन कागदांची जोडणी किमान फूटभर एकमेकांवर यावी, आणि वरच्या अंगाचा कागद खालच्या अंगाच्या कागदावर चढवावा. कागद उन्हात उघडा पडला तर एकदोन वर्षांत फाटतो, म्हणून त्यावर माती हवीच.

माती चाळून, किंचित ओलावून, दोन थरांत घालावी व प्रत्येक थर धुमसाने ठोकावा. उतार दर दहा फुटांस तीन इंच, यापेक्षा जास्त देऊ नये. चोपण माती मुरणारे पाणी अडविते खरी. परंतु वाहत्या पाण्यापुढे ती टिकत नाही, सुटे झालेले कण प्रवाहाबरोबर निघून जातात. उतार अधिक झाला की ओघळी पडतात. पन्हळीच्या तोंडाशी सर्व छपराचे पाणी एकवटते; तेथे दोन-तीन फूट शहाबादी फरशी चुन्यात किंवा सिमेंटात बसवून द्यावी. छपराचा उजेडासाठी ठेवलेला झरोका असेल तर त्याभोवती मातीचा उंच काठ करून तोही फरशीने झाकावा. मोठ्या गळत्या बहुधा या दोन जागीच सुरू होतात. लोक मात्र मधला भाग चोपीत बसतात.

भिंत व जोते

भिंतीचे वर्म तिच्या पायथ्याशी असते. पन्हळ आखूड असल्यास पाणी भिंतीलगत पडते, त्याचे शिंतोडे जोत्यावरच्या मातीच्या भेंड्यांवर उडतात आणि दरवर्षी बोटभर माती झिजते. काही वर्षांत भिंत खाली अरुंद व वर रुंद अशी उभी राहते. पन्हळ भिंतीपासून निदान दोन-अडीच फूट बाहेर काढावी व पाणी पडते तेथे मोठा सपाट दगड ठेवावा. झिजलेला भाग केवळ गिलाव्याने न लपविता भेंड्यांनी किंवा दगडांनी भरून काढावा. हे काम एका वेळी तीन फुटांच्या तुकड्यातच करावे. साऱ्या भिंतीचा पाया एकाच दिवशी मोकळा करणे धोक्याचे आहे.

गिलाव्यास चोपण माती वापरू नये, कारण ती पहिल्याच वळवात विरघळते. पेल्यातील परीक्षेत जिचे पाणी निवळ राहिले ती माती, गव्हाचे बारीक काड व शेण एकत्र कालवून चार-पाच दिवस भिजत ठेवावे, अधूनमधून तुडवावे आणि मग लिंपावे. अलीकडे मातीच्या भिंतीस बाहेरून सिमेंटचा गिलावा करण्याची आवड वाढली आहे. तो दिसावयास चांगला दिसतो. परंतु भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडू शकत नाही, भिंत आतल्या आत भिजत राहते व गिलाव्याचा पापुद्रा सुटतो. त्यामागे काय चालले आहे हे मालकास कळत नाही, हा त्याहून मोठा तोटा. दगडमातीच्या भिंतीस ‘पोट सुटले’ असेल तर ओळंबा लावून पाहावे. पोट वाढत असल्यास गवंड्याकडून तेवढा भाग उतरवून, आत-बाहेर पोचणारे आरपार दगड घालून पुन्हा रचून घ्यावा. हे काम घरच्या माणसांनी करू नये.

गावठाणात आणखी एक अडचण दिसून येते. गल्लीत मुरूम, खडी व नंतर सिमेंटचा रस्ता एकावर एक होत गेल्याने रस्त्याची पातळी वाढत जाते व एके काळी दोन फूट उंच असलेले जोते रस्त्याबरोबर येते. मग पाणी उंबऱ्यावरून आत शिरते. रस्ता होण्यापूर्वीच जुना थर खोदून काढण्याची मागणी ग्रामपंचायतीकडे लेखी करणे हाच यावर उपाय आहे. रस्ता झाल्यावर फार थोडे करता येते. अंगणातही दरवर्षी माती पसरली जाते, तेव्हा अंगणाचा उतार घराकडे होऊ लागला नाही ना, हे बादलीभर पाणी ओतून पाहावे.

शेतातील वस्तीवर, विशेषतः काळ्या जमिनीत बांधलेल्या घरांस दाराखिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा पडतात. उन्हाळ्यात जोत्याभोवतीची काळी माती आकसते व पावसाळ्यात फुगते. घर वर्षातून दोनदा हलते म्हणावयास हरकत नाही. भिंतीलगत तीन फूट रुंदीची काळी माती काढून मुरूम ठोकून भरावा व त्यास बाहेर उतार द्यावा, म्हणजे ओलीतील चढउतार कमी होतो.

परसातील पाणी

मोरीचे पाणी बारमाही असते, म्हणून ते पावसाच्या पाण्याहूनही अधिक नुकसान करते. ते भिंतीलगत मुरू न देता पाइपाने किंवा पक्क्या नालीने निदान दहा फूट दूर न्यावे. एक मीटर लांब, तितकाच रुंद व खोल खड्डा खणून तो दगडगोट्यांनी भरला म्हणजे शोषखड्डा होतो. विहिरीपासून तो पन्नास फुटांवर असावा. मुरमाड जमिनीत तो उत्तम चालतो. काळ्या जमिनीत मात्र तो लवकरच तुंबतो, हे अनुभवास आले आहे. तेथे हेच पाणी परसबागेस देणे श्रेयस्कर. अळू, केळ, शेवगा, कढीपत्ता व लिंबू एवढे लावले तरी एका घराचे सांडपाणी खर्ची पडते, डास होत नाहीत व गृहिणीस भाजी मिळते. भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ किंवा उंबर बोटभर असतानाच मुळासकट काढावा.

पत्र्याच्या घरांविषयी एवढेच सांगावयाचे की, वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवण्याची चाल सोडून द्यावी. पत्रा उचलला गेला तर तोच दगड खाली झोपलेल्याच्या अंगावर येतो. पत्रे आकड्यांनी वाशांस व वासे लोखंडी पट्टीने भिंतीस जखडावेत. घराच्या कडेचे पत्रे आधी उडतात, तेथे आकडे दुप्पट घालावेत.

पावसाळ्यात

पाऊस सुरू झाल्यावर धाब्याची देखरेख थांबत नाही. मोठी सर उघडल्यानंतर माती ओलसर, परंतु पायास न चिकटणारी असताना चोपणीने हलके चोपावे. भेगा त्याच वेळी बुजतात. चिखल असताना वर चढू नये. गवत उपटू नये, त्याने छिद्रे पडतात. विळ्याने कापावे व बी धरण्याआधी कापावे. पन्हळीतील पालापाचोळा प्रत्येक पावसापूर्वी काढावा. कडबा धाब्यावर रचण्याची पद्धत भार, ओल, वाळवी व आग या चारही दृष्टींनी वाईट आहे.

झड दुसऱ्या दिवशीही चालू राहिली, आणि दार एकाएकी चौकटीत अडकू लागले, भिंतीची जुनी भेग रुंदावली, किलचांतून माती झडू लागली किंवा लाकूड कडकडले, तर दुरुस्तीचा विचार त्या वेळी मनात आणू नये. माणसांनी शाळेत, मंदिरात किंवा शेजारच्या पक्क्या घरात जावे आणि जनावरे सोडून द्यावीत. सामान काढण्यासाठी परत आत जाऊ नये. पाऊस थांबला की भिंत सुरक्षित झाली असेही समजू नये. भिजलेली भिंत ऊन पडल्यानंतर दोनतीन दिवसांनीही ढासळते.

हस्त नक्षत्र संपल्यावर, ओल अजून भिंतीवर दिसत असतानाच, सर्व ओल्या डागांच्या कडेने चुन्याची रेघ ओढून ठेवावी. उन्हाळ्यात हे डाग सुकून दिसेनासे होतात व गवंड्यास कोठे काम करावयाचे ते सांगता येत नाही.